वेदनेचे कवाड शोधणारा संशोधक

वारणानगर : उसाच्या मोळ्या वाहून ठणकणारा खांदा चोळला की दुखणे काही काळ ओसरते, हे वारणाकाठच्या ऊसतोड मजुराला शिकवावे लागत नाही. मात्र चोळण्याने वेदना का शमते, याची शास्त्रीय उपपत्ती मांडण्यात ब्रिटिश संशोधक पॅट्रिक वॉल यांचा मोठा वाटा होता. मज्जातंतूला सौम्य विद्युत स्पंदने देऊन जुनाट वेदना शमविणारी उपचारपद्धती त्यातूनच आकाराला आली.

२५ एप्रिल १९२५ रोजी नॉटिंगहॅम येथे जन्मलेल्या वॉल यांनी ऑक्सफर्डमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले व पुढे अमेरिका गाठली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत त्यांची मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांच्याशी गाठ पडली. जेवढी इजा तेवढी वेदना, असा समज त्या काळी रूढ होता. इजा दिसत नसली, तर रुग्णावरच संशय घेतला जाई. १९६५ मध्ये या दोघांनी मांडलेल्या 'गेट कंट्रोल' सिद्धांताने या समजाला हादरा दिला. मज्जारज्जूत जणू एक कवाड असते; स्पर्शाचे संदेश नेणारे जाड तंतू ते लोटून घेतात, वेदनेचे बारीक तंतू ते उघडतात आणि मेंदूही त्यावर हुकमत ठेवतो, असे त्याचे सार होते.

वॉल एवढ्यावर थांबले नाहीत. शल्यविशारद विल्यम स्वीट यांच्यासह त्यांनी डोळ्याखालील मज्जातंतूजवळ विद्युताग्र खुपसून प्रथम स्वतःवरच प्रयोग केला. त्यानंतर तीव्र, जुनाट वेदनेच्या आठ रुग्णांवर उपचार झाले. त्यांपैकी चौघांना दोन मिनिटांच्या स्पंदनांनी अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम पडला. हे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी वॉल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात परतले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या 'पेन' या नियतकालिकाचे ते संस्थापक संपादक होते. अखेरच्या वर्षांत कर्करोगाच्या वेदना त्यांनी स्वतः सोसल्या. तरीही लेखन सोडले नाही. ८ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सिद्धांतातील काही तपशील पुढील संशोधनाने बदलले. त्वचेखाली मज्जातंतूजवळ बारीक तार बसविण्याचे तंत्र मात्र रुजले. आधी काही दिवस चाचणी घेऊन, आराम पडला तरच ती कायम ठेवली जाते. सर्वांनाच गुण येतो असे नाही. जंतुसंसर्गाचा आणि तार सरकण्याचा धोकाही असतो. तथापि, तपासणीत काही आढळले नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही, ही वॉल यांची शिकवण प्रत्येक दवाखान्यात आजही तितकीच मोलाची आहे.