गोपाळ गणेश आगरकर : विद्यार्थी आणि लेखक

आमच्या ज्ञातीतील मुलेमुली आता मोठ्या संख्येने महाविद्यालयात जाऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मुलाने इंग्रजी साहित्य हा विषय घ्यावयाचा म्हटले की घरातील वडीलधारी मंडळी विचारात पडतात. नाटके, कविता व निबंध वाचून पुढे पोटापाण्याचे काय, असा त्यांचा प्रश्न असतो. आणि गरिबाच्या घरात तो प्रश्न खोटा म्हणता येत नाही. अशा वेळी, ज्यांच्या घरी दारिद्र्य आमच्यापेक्षाही अधिक होते, ज्यांनी ती विद्या कष्टाने मिळविली आणि मिळविलेले सर्व मराठी भाषेच्या पदरात टाकले, त्या गोपाळ गणेश आगरकरांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हास उचित वाटते. आगरकर आमच्या ज्ञातीचे नव्हत. तथापि विद्वानास ज्ञातीच्या कुंपणात कोंडू नये, असेच आम्ही मानतो.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडनजीक टेंभू या गावी झाला. घरची स्थिती हलाखीची असल्यामुळे ते कऱ्हाडास आजोळी राहून शिकले. तेथील इंग्रजी शिक्षणाची मजल थोडक्यात संपली, तेव्हा कचेरीत उमेदवारी करून पाहिली, दवाखान्यात औषधे देण्याचे काम केले. पण मन पुस्तकांकडे ओढ घेई. पुढे शिकावयास मिळेल या आशेने हा मुलगा सह्याद्री उतरून पायी रत्नागिरीस गेला. तेथे सोय लागली नाही, म्हणून परत फिरला. अखेरीस वऱ्हाडात अकोला येथे नातलगांच्या आश्रयाने त्यांच्या शिक्षणाची घडी बसली, आणि १८७५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

अकोल्यास त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरू लाभले, हे त्यांचे मोठे भाग्य. महाजनी हे स्वतः इंग्रजी साहित्याचे रसिक असून शेक्सपीअरच्या एका नाटकावरून त्यांनी ‘तारा’ हे मराठी नाटक रचले होते. इंग्रजी ग्रंथातील गोडी मराठी बोलणाऱ्या माणसाच्या पानात कशी वाढावी, याचा धडा आगरकरांना शाळेतच मिळाला असला पाहिजे. पुण्यास जाण्याकरिता त्यांच्यापाशी पैसा नव्हता, तेव्हा याच गुरूंचे साहाय्य झाले. शाळामास्तरच्या हातून सत्ता वा संपत्ती कोणास मिळत नाही; परंतु होतकरू मुलाची वाट मोकळी करून देणे त्याच्या हाती असते, हे आम्ही आमच्या नोकरीच्या अनुभवावरून सांगू शकतो.

१८७६ च्या सुमारास आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथील दिवसांच्या हकिगती महाराष्ट्रात घरोघर सांगितल्या जातात. अंगात घालावयास सदरा एकच. तो रात्री धुवावा, वाळत घालावा आणि सकाळी पुनः अंगात घालावा. शिष्यवृत्ती मिळवावी, वक्तृत्वाची व निबंधांची बक्षिसे जिंकावी, वर्तमानपत्रांत लिहावे आणि त्या पैशावर दिवस काढावे. परीक्षेची फी भरण्यास पैसे नाहीत म्हणून त्यांनी एक नाटक लिहून विकण्याचा विचार चालविला होता. ते कळताच गणिताचे अध्यापक केरूनाना छत्रे यांनी फीची रक्कम स्वतः दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आगरकरांच्या ठायी लेखनाची हौस उपजत होती हे खरे. पण त्या हौसेस शिस्त लागली ती गरजेमुळे. बक्षिसाच्या निबंधात फापटपसारा चालत नाही. विषय मांडावा, विरुद्ध पक्ष घ्यावा, त्याचे खंडन करावे आणि निष्कर्षास यावे, ही रीत त्यांच्या हाडीमासी खिळली ती याच काळात.

त्या काळच्या मुंबई विद्यापीठात विद्यार्थी पुढे कोणत्याही विषयाकडे वळो, इंग्रजी ग्रंथकारांचा अभ्यास त्यास चुकत नसे. आगरकरांचा विशेष ओढा इतिहास व तत्त्वज्ञान यांकडे होता. मिल्ल व स्पेन्सर यांचे ग्रंथ त्यांनी मन लावून वाचले; शेक्सपीअरची नाटके तितक्याच गोडीने वाचली. पुष्कळ विद्यार्थी असे ग्रंथ परीक्षेपुरते वाचून विसरून जात. आगरकरांनी मात्र प्रत्येक ग्रंथ आपल्या गावाच्या चावडीवर नेऊन उभा केला. इंग्रज ग्रंथकार व्यक्तीच्या स्वातंत्र्याविषयी लिहितो, ते आमच्या घरातील बालविधवेस लागू आहे की नाही? तो रूढीची चिकित्सा करतो, ती आमच्या लग्नमुंजींस लावता येईल की नाही? असे प्रश्न मनात उठू लागले म्हणजे साहित्याचा अभ्यास खरा सुरू झाला असे समजावे.

याच कॉलेजात बाळ गंगाधर टिळक यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. देशास विद्येवाचून तरणोपाय नाही आणि ती स्वल्प खर्चात लोकांस मिळाली पाहिजे, या विचाराने दोघांनी सरकारी नोकरीचा मोह टाकण्याचा निश्चय केला. त्या वेळी आगरकरांनी आपल्या मातोश्रींस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी येईल, अशी आशा आईने बाळगू नये. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सर्व वेळ परहिताकडे लावणार आहो, असा त्याचा आशय होता. त्या माउलीने ते पत्र ऐकून काय म्हटले असेल, याचा विचार मनात आला की आमचे मन कातर होते. विद्येसाठी त्याग एकटा विद्यार्थी करीत नाही. त्याची आईही करीत असते.

१८७८ साली बी. ए. व पुढे एम. ए. होऊन आगरकर, १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी स्थापिलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकरच होत. कोल्हापूरच्या प्रकरणातील लेखनाबद्दल १८८२ साली टिळक व आगरकर यांस मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहिली. शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतरही त्यांनी याच तुरुंगवासात हाती घेतले असे सांगतात. ते १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशी यांची त्यातील नायकाची भूमिका महाराष्ट्रभर गाजली. ज्या प्रेक्षकांस इंग्रजीचे एक अक्षरही येत नव्हते, त्यांनी डेन्मार्कच्या राजपुत्राचे दुःख आपल्या मायबोलीत ऐकले. कॉलेजातील अभ्यासाचे याहून सुंदर फळ ते कोणते?

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज ही स्थापन झाली. १८८७ साली मतभेदामुळे आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी स्वतःचा ‘सुधारक’ काढला. त्याच साली मराठी वाक्याच्या रचनेविषयी त्यांचा ‘वाक्यमीमांसा’ हा ग्रंथ निघाला. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षीच्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. समाज सुधारावयास निघालेला मनुष्य आपल्या भाषेतील कर्ता व क्रियापद यांचीही तितक्याच आस्थेने विचारपूस करीत होता.

‘सुधारका’त त्यांनी बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद व अंधश्रद्धा यांवर कठोर लेख लिहिले, मुलींस मुलांप्रमाणेच व मुलांबरोबरच शिक्षण द्यावे असे प्रतिपादन केले. लोक इतके खवळले की पुण्यात त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. आगरकर डगमगले नाहीत. १८९२ साली वामन शिवराम आपटे यांच्या मृत्यूनंतर ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याचा विकार मात्र हटला नाही, आणि १७ जून १८९५ रोजी, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. आपल्या दहनाचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी पैशांची पुडी बांधून उशाशी ठेविली होती असे सांगतात.

आता आमच्याकडे वळू. आगरकर शिकत होते त्या काळी आमचा देगलूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, परंतु तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. नांदेडास पीपल्स कॉलेज झाले ते १९५० साली. म्हणजे आमच्या वाडवडिलांनी वरचे शिक्षण उर्दूतून घेतले, आणि नातवंडे ते इंग्रजीतून घेत आहेत. दोन्ही वेळी मराठी दाराबाहेरच उभी राहिली. देगलूरच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, कानडी व उर्दू कानी पडते. परक्या भाषेचे भय आम्हास कधीच नव्हते. भय आहे ते निराळे : परकी भाषा येईल, पण तिच्यातून मिळविलेले धन घरी आणावयाचे असते, हे कोणी सांगणार नाही. इंग्रजी घेऊन पदवीधर झालेल्या मुलास आपल्या आजीस कळेल असे एक पत्र मराठीत लिहिता येत नसेल, तर त्याची विद्या अर्ध्या वाटेवरच राहिली असे आम्ही म्हणू.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. जातिभेदावर प्रहार करणाऱ्या पुरुषाचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत छापणे कित्येकांस विसंगत वाटेल. पण ज्ञातिमंडळाने आगरकरांस हार घालून मोकळे होऊ नये, त्यांचा प्रश्नही ऐकावा. आमच्या मंडळाचा पैसा मानपान व मंडप यांवर किती जातो आणि फीवाचून अडलेल्या मुलामुलींवर किती खर्च होतो, याचा हिशेब एकदा ज्ञातिबांधवांनी शांतपणे पाहावा. एक महाजनी व एक छत्रे वेळेवर भेटले नसते, तर टेंभूचा तो मुलगा कऱ्हाडच्या कचेरीत कागद लिहीत राहिला असता. आमच्याही आळीत असा एखादा मुलगा अथवा मुलगी आज असेल. ती कोणत्या ज्ञातीची हे न विचारता तिची फी भरणारा हात आमच्यातून पुढे यावा, इतकीच आमची विनंती आहे.