पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ का होतात? ऑलब्राइट यांनी शोधलेले उत्तर

कुर्डुवाडी : पन्नाशीनंतर अंगणात पाय घसरतो आणि मनगट मोडते. काहींची पाठ हळूहळू वाकते. वय झाले म्हणून घरचे सोडून देतात. मात्र कारण फक्त वय नाही, हे आठ दशकांपूर्वी डॉ. फुलर ऑलब्राइट यांनी दाखवून दिले.

कोण होते ऑलब्राइट?
जन्म १२ जानेवारी १९००, अमेरिकेतील बफेलो. १९२४ मध्ये हार्वर्डमधून ते डॉक्टर झाले. व्हिएन्नात हाडांच्या आजारांचा अभ्यास करून ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. रुग्णाच्या पोटात किती कॅल्शियम जाते आणि लघवी-शौचावाटे किती बाहेर पडते, याचा हिशेब ते मांडत.

काय सापडले?
हाडे ठिसूळ झालेले, ६५ वर्षांखालील ४२ रुग्ण त्यांनी तपासले. त्यातील ४० जणी पाळी गेलेल्या महिला होत्या. काहींचे अंडाशय शस्त्रक्रियेने काढलेले होते. अंडी घालण्याआधी पक्ष्यांच्या मादीच्या हाडात इस्ट्रोजेनमुळे कॅल्शियम साठते, हेही त्यांना माहीत होते. त्यांनी रुग्णांना इस्ट्रोजेन दिले, तेव्हा शरीराबाहेर जाणारे कॅल्शियम कमी झाले. १९४० च्या सुमारास त्यांनी हे निष्कर्ष मांडले.

नेमके काय घडते?
हाडात जुना भाग पोखरणाऱ्या आणि नवा भाग बांधणाऱ्या, अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. इस्ट्रोजेन घटल्यावर बांधकाम मंदावते, असे ऑलब्राइट यांना वाटले. पुढील संशोधनातून कळले की, मुख्य बिघाड पोखरणाऱ्या पेशी मोकाट सुटल्याने होतो. या पेशी तयार करणाऱ्या 'रँकल' प्रथिनाला इस्ट्रोजेन आवर घालते. हा आवर सुटला की जेवढे पोखरले जाते तेवढे भरून निघत नाही.

शेवटची १३ वर्षे
पस्तिशीतच त्यांना पार्किन्सन्स जडला. हात थरथरत असतानाही सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी संशोधन चालू ठेवले. १९५६ मध्ये मेंदूवरील शस्त्रक्रियेत रक्तस्राव झाला आणि त्यांची वाचा गेली. ८ डिसेंबर १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे याचे महत्त्व काय?
सोलापूर जिल्ह्यात उसाच्या फडांवर बीडहून महिला तोडणीला येतात. त्यांच्यातील अनेकींची गर्भपिशवी कमी वयात काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. गर्भपिशवी काढली तरी अंडाशय शाबूत असतील, तर इस्ट्रोजेन लगेच थांबत नाही. दोन्ही अंडाशय काढले, तर तिशीतही पन्नाशीनंतरची झीज सुरू होऊ शकते.

काय करावे?
- शस्त्रक्रियेच्या कागदांवर अंडाशय काढल्याची नोंद आहे का, हे डॉक्टरांकडून समजून घ्या.
- अंडाशय काढले असतील किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, तर डेक्सा तपासणीबद्दल विचारा.
- इस्ट्रोजेनच्या गोळ्या मनाने घेऊ नका. २००२ मधील अमेरिकेतील मोठ्या चाचणीत संप्रेरकांच्या एकत्रित गोळ्यांमुळे फ्रॅक्चर घटले, पण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघाताचा धोका वाढला.