यंत्राला लिहावयास शिकविणाऱ्या ग्रेस हॉपर

एकच मजकूर पुन्हापुन्हा उतरवून काढण्याइतके कंटाळवाणे काम दुसरे नसेल. हात चालत असतो, पण मन तेथे राहत नाही. आणि मन दूर गेले की चूक झालीच. शिर्डीस रामनवमीच्या उत्सवासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात. त्यांपैकी कोणी देणगी दिली म्हणजे त्यास पावती मिळते. पावतीवरील बहुतेक मजकूर सर्वांना सारखाच असतो. बदलते ते केवळ नाव, रक्कम आणि तारीख. हा सारा मजकूर प्रत्येकासाठी नव्याने लिहावा लागला असता, तर किती हात शिणले असते आणि किती चुका झाल्या असत्या! म्हणून सारखा भाग एकदाच सिद्ध करून ठेवावा आणि बदलणारा भाग तेवढा भरावा, ही युक्ती माणसाने शोधून काढली. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांच्या बाबतीतही हे साधेल, किंबहुना त्या आज्ञा लिहून काढण्याचे काम संगणकाकडूनच करवून घेता येईल, हे ज्यांनी आरंभीच्या काळात ओळखले व करून दाखविले, त्या ग्रेस हॉपर यांचे हे चरित्र आहे.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. कोणतीही वस्तू आतून कशी चालते, हे पाहिल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. त्या सात वर्षांच्या असताना त्यांनी घरातील गजराचे एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे उघडून पाहिले, मग तिसरे. असे करता करता घरातील सातही घड्याळे सुटी होऊन पडली! आईने मुलीला मारझोड केली नाही. तिने एक घड्याळ मुलीच्या स्वाधीन केले आणि बाकीच्यांना हात लावावयाचा नाही, एवढीच अट घातली. वडिलांना आजारपणामुळे दोन्ही पाय गमवावे लागले होते. मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे व्हासार महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या वेळी ग्रेस लॅटिन भाषेत अनुत्तीर्ण झाल्या. एक वर्ष वाया गेले. पण त्यांनी धीर सोडला नाही. त्याच महाविद्यालयातून १९२८ साली गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३४ साली येल विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टर ही पदवी दिली. तोवर व्हासारमध्येच त्यांचे अध्यापन सुरू झाले होते.

इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले. आपणही देशाच्या कामी यावे, असे ग्रेसबाईंना वाटू लागले. परंतु नौदलाच्या नियमांप्रमाणे त्यांचे वय अधिक आणि वजन कमी भरत होते. त्यांनी चिकाटीने खास परवानगी मिळविली आणि १९४३ च्या डिसेंबरात त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. १९४४ साली त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठविण्यात आले. तेथे प्राध्यापक हॉवर्ड एकन यांच्या देखरेखीखाली ‘मार्क १’ नावाचे प्रचंड गणनयंत्र चालत असे. त्याची लांबी ५१ फूट आणि उंची ८ फूट होती. कागदी पट्टीवर भोके पाडून त्याला आज्ञा द्याव्या लागत. युद्धासाठी लागणारी किचकट गणिते हे यंत्र रात्रंदिवस सोडवीत असे, आणि त्याच्यासाठी आज्ञा तयार करणाऱ्यांमध्ये ग्रेसबाई होत्या.

या कामात एक अडचण वारंवार येई. निरनिराळ्या गणितांत काही भाग तेच ते असत. म्हणून ग्रेसबाई व त्यांचे सहकारी असे आज्ञांचे तुकडे वहीत टिपून ठेवीत आणि लागेल तेव्हा एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. पण यंत्राला दिलेल्या आज्ञेत एक आकडा चुकला, तरी सारे उत्तर चुकते. पुढे आज्ञा संगणकाच्या स्मृतीत क्रमांकवार साठविण्याची पद्धत आली, तेव्हा हे उतरविणे अधिकच बिकट झाले. मुलांनो, वहीतील एका तुकड्यात पाचव्या क्रमांकाच्या आज्ञेकडे जाण्यास सांगितले आहे, अशी कल्पना करा. हा तुकडा शून्य क्रमांकापासून लिहिलेला आहे. तोच २०० व्या क्रमांकापासून बसवावयाचा झाला, तर पाचाच्या ठिकाणी २०५ लिहावे लागेल. आणि तुकड्यातील असा प्रत्येक क्रमांक बदलावा लागेल. मोठमोठे गणितज्ञसुद्धा या साध्या बेरजांत आणि नकलेत चुकत. ती चूक शोधण्यात मग दिवसचे दिवस जात.

१९४९ साली ग्रेसबाई एकर्ट व मॉक्ली यांच्या संगणक कंपनीत गेल्या. तेथे ‘युनिव्हॅक’ हा संगणक तयार होत होता. तेथे त्यांच्या मनात विचार आला, की नक्कल करणे आणि बेरीज करणे ही दोन्ही कामे यंत्र माणसाहून अचूक करते. मग ती यंत्रावरच का सोपवू नयेत? त्यांनी पारखून घेतलेले आज्ञांचे तुकडे चुंबकीय फितीवर साठविले आणि प्रत्येकाला एक खूण दिली. आता माणसाने कोणते तुकडे कोणत्या क्रमाने हवेत, एवढ्या खुणा लिहावयाच्या. संगणक ते तुकडे शोधून काढी, योग्य जागी बसवी, त्यांतील क्रमांक बदली आणि संपूर्ण आज्ञावली स्वतःच लिहून देई. १९५२ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या योजनेचे नाव ‘ए-०’ असे होते. निरनिराळे तुकडे गोळा करून त्यांचे संकलन करणारा, म्हणून त्यांनी तिला ‘कंपायलर’, म्हणजे संकलक, असे म्हटले.

परंतु नवी गोष्ट लोकांना सहजासहजी पटत नाही. संगणक फक्त अंकगणित करतो, तो आज्ञावली कशी लिहिणार, असे जाणत्यांनाही वाटे. ग्रेसबाई वाद घालीत बसल्या नाहीत. यंत्र चालवून दाखवीत राहिल्या. १९५४ साली कंपनीने या कामासाठी स्वतंत्र विभाग काढून त्याची सूत्रे त्यांच्या हाती दिली. पुढे अंकांऐवजी साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता याव्यात, असा त्यांनी प्रयत्न चालविला. तीच आज्ञावली त्यांनी फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखविली, तेव्हा वरिष्ठ चकित झाले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कशी कळेल, अशी त्यांना शंका! वास्तविक यंत्राला कोणतीच भाषा कळत नाही. शब्द ही त्याच्या लेखी केवळ खूण असते. या प्रयत्नांतून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा निर्माण झाली, आणि १९५९ साली सुरू झालेल्या ‘कोबॉल’ या भाषेला तिचा मोठा आधार मिळाला. कारखान्यांचे व पेढ्यांचे हिशेब पुढे कित्येक दशके या भाषेत होत राहिले.

आपल्याकडेही हाच प्रवास घडला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित केला, तेव्हा त्याला यंत्राच्या सांकेतिक अंकांतच आज्ञा द्याव्या लागत. १९६४ साली त्या संस्थेत परदेशाहून मोठा संगणक आला, आणि संकलकाच्या साहाय्याने चालणाऱ्या भाषेचा लाभ तेथील अभ्यासकांना झाला.

ग्रेसबाई १९६६ च्या अखेरीस नौदलातून निवृत्त झाल्या. पण त्यांच्यावाचून अडू लागल्याने पुढच्याच वर्षी त्यांना परत बोलावण्यात आले. व्याख्यानाला जाताना त्या सुमारे तीस सेंटीमीटर लांबीचे तारेचे तुकडे बरोबर नेत. सेकंदाच्या एक अब्जांशात प्रकाश एवढेच अंतर कापतो, हे त्या त्यावरून समजावून देत. अखेर १९८६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल या हुद्द्यावरून त्यांनी नौदलाचा निरोप घेतला. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९६ साली अमेरिकेच्या एका युद्धनौकेस त्यांचे नाव देण्यात आले.

आज संगणकाच्या आज्ञा लिहिणाऱ्यांस पुष्कळदा एकाच घडणीच्या शेकडो ओळी लागतात. त्या हाताने न लिहिता ते मजकुराच्या मध्येच एक छोटी आज्ञावली घालतात, आणि ती सगळ्या ओळी लिहून देते. मात्र साचा करणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. पावतीच्या छापात एक अक्षर चुकले, तर ते प्रत्येक पावतीवर चुकते; तसेच हेही. परंतु ती चूक एका ठिकाणी सुधारली, की सर्वत्र सुधारते. म्हणून सारखेसारखे काम समोर आले की ते निमूटपणे उरकण्यापूर्वी क्षणभर थांबावे, त्यातील न बदलणारा भाग कोणता व बदलणारा कोणता, हे नीट पाहावे. यंत्राचे काम यंत्राला देऊन विचाराचे काम माणसाने स्वतःकडे ठेवावे, हाच ग्रेस हॉपर यांच्या चरित्राचा बोध होय.