रोपांचे वैद्य : सर एडविन बटलर

मृगाचा पाऊस पडला कीं, आपल्या येरमाळ्याच्या परिसरांत मिरची-वांग्याचीं रोपें टाकण्याची घाई उडते. सायंकाळीं हिरवागार दिसणारा वाफा सकाळीं पाहावा, तों रोपें जागच्या जागीं आडवीं पडलेलीं! कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो बींच खोटें. रोप गेलें म्हणजे लावणी गेली आणि गरिबाचें वर्ष गेलें. ज्या पुरुषानें हिंदुस्थानांत ह्या अदृश्य शत्रूचा कसून शोध घेतला, त्याचें चरित्र विद्यार्थ्यांस बोधप्रद वाटेल, म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहें.

एडविन जॉन बटलर ह्यांचा जन्म आयर्लंडांतील किल्की गांवीं १३ ऑगस्ट १८७४ रोजीं झाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं हेस नामक जर्मन पंडितानें कोलमडलेल्या रोपांत सांपडणाऱ्या पिथियम बुरशीच्या एका जातीचें वर्णन प्रसिद्ध केलें. बटलर १८९८ सालीं कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजांतून वैद्यकाचे पदवीधर झाले. प्रतिष्ठेचा धंदा समोर होता; परंतु अध्यापक हार्टोग ह्यांच्या सहवासांत त्यांना पाण्यांतील सूक्ष्म बुरशींचा छंद जडला होता. माणसांची नाडी सोडून त्यांनीं वनस्पतींची नाडी हातीं धरली.

१९०१ सालीं ते सरकारी नोकरीवर कलकत्त्यास आले व १९०५ पासून बिहारांतील पुसा येथील कृषिसंशोधनसंस्थेंत काम करूं लागले. १९०७ सालीं त्यांनीं पिथियम बुरशीवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. ही बुरशी ओल्या मातींत वाढते. तिचे बीजकण पाण्यांतून पोहत कोवळ्या खोडाशीं पोंचतात. जाड कवचाचे दुसरे कण जमिनींत दीर्घकाळ टिकून राहतात. तुरीच्या मर रोगावरही त्यांनीं १९१० सालीं लिहिलें. त्या बुरशीच्या शास्त्रीय नांवापुढें आजही बटलर हें नांव लागतें.

त्यांच्या हाताखालीं एतद्देशीय संशोधक तयार झाले. पारशी गृहस्थ जहांगीर फर्दुनजी दस्तूर ह्यांनीं १९१३ सालीं एरंडीच्या रोपांस मारणारी नवी बुरशी शोधून काढली. सुब्रह्मण्यम् ह्यांनीं १९१९ सालीं आलें, तंबाखू व पपई ह्यांस कुजविणाऱ्या पिथियमास बटलरांचेंच नांव दिलें. शिष्यांनीं केलेला ह्याहून मोठा गौरव कोणता?

वैद्य प्रथम निदान करतो, मग औषध देतो. आडवें पडलेलें रोप उपटून मातीलगतचा भाग पाहावा. तेथें खोड पाणथळ, मऊ व बारीक झालें असेल तर पिथियमचा संशय घ्यावा. तपकिरी, कोरडा चट्टा असेल तर बहुधा ऱ्हायझोक्टोनिया. खोड स्वच्छ तुटलें असेल तर तें किडीचें काम. खोड घट्ट असून पानेंच मलूल असतील तर पाणी कमी पडलें असण्याचा संभव आहे.

प्रतिबंध खर्चाचा नाहीं. गादीवाफा उंच करावा, बीं विरळ पेरावें, शेणखत पुरतें कुजलेलें असावें, पाणी सकाळीं व बेतानें द्यावें, आणि दरवर्षीं वाफ्याची जागा बदलावी. उन्हाळ्यांत ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कांहीं आठवडे माती तापविली, तर रोगाचें बीज पुष्कळ कमी होतें. पेरणीपूर्वीं बियांस ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळावी. रोग दिसतांच कोलमडलेलीं रोपें मातीसह काढून दूर टाकावीं व पाणी आवरावें.

बटलरांनीं १९१८ सालीं वनस्पतिरोगांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि १९२० सालीं ते इंग्लंडांत क्यू येथें नव्या बुरशीशास्त्र-संस्थेचे प्रमुख झाले. १९२६ सालीं रॉयल सोसायटीचें सभासदत्व व १९३९ सालीं ‘सर’ ही पदवी त्यांस मिळाली. ४ एप्रिल १९४३ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

प्रभूच्या दृष्टान्तांतील खडकावरचें बीं ओलाव्यावांचून वाळलें. आपल्या वाफ्यांतील रोपें पुष्कळदां आपल्याच अति मायेनें, अति पाण्यानें मरतात. दैवास बोल लावण्यापूर्वीं गुडघे टेकून एक रोप उपटून पाहावें, हाच ह्या चरित्राचा धडा होय. विद्यार्थीमित्रहो, येत्या मृगांत तुमच्या घरच्या वाफ्यापाशीं तो अवश्य आठवा.