बाम विकून पेपर चालवणारे अमृतांजनवाले नागेश्वरराव
जामनेरला शेताच्या बांधावरून उतरताना पाय मुरगळला, की घरात आधी बामची बाटली शोधतात. त्यातलं पिवळं अमृतांजन मूळचं मुंबईचं. ते काढलं काशिनाथुनी नागेश्वरराव यांनी.

जन्म १८६७ चा, आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यातला. शिक्षण मद्रासला झालं आणि नोकरीच्या निमित्ताने ते मुंबईत आले. १८९३ मध्ये त्यांनी इथेच बाम बनवायला घेतला. गाण्याच्या मैफलींत ते तो फुकट वाटायचे. ज्यांना गुण आला, ते मग दुकानात तोच मागू लागले.

अशा बाममधलं मेन्थॉल गारवा देतं, तर मिथाइल सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं औषध ठणका कमी करतं. हाड मोडलं असेल तर मात्र त्याचा उपयोग नाही.

पैसा आला, पण नागेश्वररावांनी तो तिजोरीत ठेवला नाही. १९०८ मध्ये मुंबईतूनच त्यांनी ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं आणि १९१४ मध्ये मद्रासला नेऊन त्याचं दैनिक केलं. तेलुगू भाषकांच्या वेगळ्या प्रांताची मागणी त्यांनी लावून धरली. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले.

१९३८ मध्ये ते वारले. आंध्र राज्य झालं १९५३ मध्ये. ते त्यांना बघायला मिळालं नाही, बाटली मात्र अजून घरोघरी आहे.