पंडिता रमाबाई व निराश्रित स्त्रियांचें घर

पंडिता रमाबाईंचें नांव ज्यांनीं ऐकलें नाहीं असे लोक आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत विरळाच. त्यांची विद्वत्ता, त्यांचें बायबलाचें भाषांतर, केडगांव येथील संजीवन यांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आज आम्ही त्यांच्या चरित्राची एकच बाजू वाचकांपुढें ठेवणार आहों. ज्या स्त्रीस आपल्याच घरांत मार व छळ सोसावा लागतो, तिनें तें घर सोडावें तर जावें कोठें, हा प्रश्न बाईंनीं कसा ओळखला आणि त्याचें उत्तर दगडामातीच्या भिंती उभारून कसें दिलें, हें आम्हांस सांगावयाचें आहे. अशा भगिनी रात्रीं-अपरात्रीं उपदेशकांच्या दारीं येतात, हें आमचे उपदेशकबंधु जाणतातच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं कर्नाटकांतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. अरण्यांत कां, तर वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्याचें धाडस केलें आणि तें जातभाईंस खपलें नाहीं. शास्त्रीबोवांनीं रानांत घर बांधून विद्यादान चालविलें. पण तें घरही टिकलें नाहीं. रमाबाई सहा महिन्यांच्या असतां कुटुंब तेथून निघालें, आणि वेताच्या पेटींत घालून माणसाच्या डोक्यावरून त्या डोंगराखालीं आल्या. पुढें बाळपण व तारुण्याचा आरंभ हा सर्व काळ तीर्थें हिंडण्यांत गेला. पुराण सांगावें, मिळेल तें खावें, धर्मशाळेंत किंवा देवळाच्या ओवरींत निजावें. दुष्काळ आला आणि आई, बाप व वडील बहीण हीं थोडक्या काळांत एकामागून एक मरण पावलीं. रमाबाई व बंधु श्रीनिवास हीं दोघें उरलीं, व हजारों मैल पायीं चाललीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं, अंगावर पुरेसें पांघरूण नाहीं म्हणून, वाळूंत खड्डे खणून व अंगावर वाळू ओढून त्यांनीं थंडीच्या रात्री काढल्या. घर नसणें म्हणजे काय, हें बाईंस कोणीं शिकवावयास नको होतें.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं बंधु वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला, पुढल्या वर्षीं मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीच्या आजारानें पतीही गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर वर्षाचेंही न झालेलें मूल, सासर नाहीं, माहेर नाहीं. त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें साक्ष देऊन स्त्रियांसाठीं स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर पाहिजेत असें निर्भयपणें सांगितलें.

१८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या व वाँटेज येथें धर्मभगिनींच्या आश्रमांत राहिल्या. या भगिनींची एक शाखा लंडनजवळ फुलहॅम येथें होती. तेथें वाट चुकलेल्या, टाकलेल्या, लोकांनीं थुंकलेल्या स्त्रियांस घरांत घेऊन त्यांची शुश्रूषा होत असे. बाईंनीं तें पाहिलें, आणि त्यांचें मन हललें. अशा स्त्रियांस शासन करावें असें सांगणारीं शास्त्रें त्यांनीं पाठ केलीं होतीं. त्यांस जवळ घेणारीं माणसें त्यांनीं पाहिलीं नव्हतीं. हें कोणाच्या सांगण्यावरून चालतें, असें विचारतां एका भगिनीनें त्यांस याकोबाच्या विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं बाईंचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुष्कळ लोक समजतात कीं विद्वानांच्या वादविवादानें रमाबाई ख्रिस्ती झाल्या. वादविवाद झाले खरे, पण आमच्या मतें त्या फुलहॅमच्या घराचा वांटा मोठा आहे.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, व १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांचें इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फिया येथें निघालें. विधवांचे हाल तर त्यांत आहेतच. परंतु नवऱ्याचा व सासूचा जाच सोसणाऱ्या सौभाग्यवती स्त्रियांविषयींही त्यांनीं तितक्याच कळकळीनें लिहिलें. माहेरीं पळून जावें तर बाप अब्रूला भिऊन परत पाठवितो, आणि बापानें ठेवून घेतलें तर सरकारचा कायदा तिला ओढून नेतो, हें त्यांनीं उघड केलें. उदाहरण डोळ्यांसमोर होतें. मुंबईच्या रखमाबाई ह्यांचें लग्न अकराव्या वर्षीं लावून दिलेलें; मोठेपणीं त्यांनीं त्या नवऱ्याच्या घरीं नांदण्यास नकार दिला. नवऱ्यानें १८८४ सालीं फिर्याद केली, आणि १८८७ सालीं न्यायाधीशांनीं नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा निवाडा दिला. रखमाबाई तुरुंगांत जाण्यास सिद्ध झाल्या. १८८८ सालीं नवऱ्यास दोन हजार रुपये देऊन तो वाद मिटला. रखमाबाई पुढें डॉक्टर झाल्या.

येथें आम्ही थोडें थांबतों. तो निवाडा इंग्रज न्यायाधीशाचा होता म्हणून आम्ही त्यास नांवें ठेवितों. परंतु आमच्या मंडळ्यांचे पंच काय करितात? नवऱ्याच्या माराला कंटाळून एखादी बहीण उपदेशकाच्या घरीं आली, तर दुसऱ्या दिवशीं पंच जमतात, नवऱ्यास चार शब्द सांगतात, तो मान खालीं घालतो, प्रार्थना होते, आणि सायंकाळच्या आंत तिला त्याच्या मागोमाग परत धाडितात. याला समेट म्हणतात. ज्यांत मारणाऱ्याचें कांहींच जात नाहीं आणि मार खाणारीचेंच सर्व जातें, त्याला समेट म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. क्षमा करणें वेगळें, आणि त्याच रात्रीं त्याच खोलींत निजावयास जाणें वेगळें. पहिली गोष्ट प्रभूनें सांगितली आहे. दुसरी पंचांनीं जोडली आहे. तथापि पंचांचाच सर्व दोष आहे असें नाहीं. ठेवावयाचें म्हटलें तर ठेवावें कोठें, ही त्यांचीही अडचण असते. रमाबाईंनीं नेमकें तेंच हेरलें. नुसता उपदेश व नुसती कींव यांनीं काम भागत नाहीं. आधीं जागा पाहिजे, मग भाकर, मग हाताला धंदा.

बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षें पैसा पुरविण्याचें ठरलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीवर शारदासदन उघडलें. विद्यार्थिनी दोनच. त्यांतील गोदूबाई ह्या विधवेचा विवाह पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला. सदनांत प्रत्येकीस आपापला जातधर्म पाळण्याची मोकळीक होती, स्वयंपाकपाणीही जातीप्रमाणें. आमच्यांतील पुष्कळांस हें खटकेल. परंतु धर्म बदल तर आश्रय देतों, असें म्हणणारें घर बाईंस काढावयाचें नव्हतें. १८९० सालीं सदन पुण्यास गेलें. बाई आपल्या खोलींत मनोरमेसह बायबल वाचीत व प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपणहून येऊन बसूं लागल्या. यावरून १८९३ सालीं मोठें वादळ उठलें. सल्लागार मंडळानें राजीनामे दिले आणि पालकांनीं पंचवीसच्या सुमारास मुली काढून नेल्या. दार लावून घ्या म्हणजे सर्व निवळेल, असें हितचिंतक सांगत होते. बाईंनीं दार लाविलें नाहीं, व कोणा मुलीस बोलावूनही नेलें नाहीं.

अमेरिकेचा पैसा दहा वर्षांनीं आटेल हें जाणून त्यांनीं पुण्याच्या पूर्वेस केडगांव येथें सुमारें शंभर एकर जमीन घेतली होती व तींत फळझाडें लाविलीं होतीं. १८९६–९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यांत तेव्हां प्लेग; म्हणून सर्वांस केडगांवच्या माळावर नेलें. घरें नव्हतीं. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या घातल्या, विहिरी खणल्या, आणि हळूहळू इमारती उठल्या. तेंच मुक्तिसदन. शारदासदनाचें दार मुख्यतः वरच्या जातींच्या मुलींसाठीं होतें. मुक्तीचें दार सर्व जातींस उघडें झालें. ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटेल, आणि वाटावीच. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर मुक्तींतील माणसें जवळजवळ दोन हजारांवर गेलीं. बालविधवा, अनाथ मुली, नवऱ्यानें टाकलेल्या, आंधळ्या, म्हाताऱ्या. ज्यांची अब्रू लुटली गेली होती व ज्यांस दुसरें कोणीही आंत घेत नसे, त्यांच्यासाठीं कृपासदन हें निराळें घर बांधलें. कित्येक जणी इतक्या खंगून आल्या कीं वांचल्या नाहींत. पण त्या छपराखालीं, कोणाच्या तरी हातून पाणी पिऊन मेल्या.

या घरांत फुकट बसवून खाऊं घालीत नसत. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दुभतीं जनावरें, शेत, छापखाना हीं सर्व कामें स्त्रियाच चालवीत. बाईंचा कटाक्ष यावर कां होता, हें उपदेशकांनीं ध्यानांत घ्यावें. मार खाऊनही बाई परत जाते, ती बहुधा नवऱ्याच्या ओढीनें नव्हे, मुलांच्या भाकरीसाठीं. जिला स्वतः चार पैसे मिळवितां येतात, तिचें जाणें-न-जाणें तिच्या मर्जीचें होतें.

रखमाबाईंच्या वेळचा कायदा स्त्रीला घरीं ओढीत होता. आतांचा कायदा तिच्या बाजूनें उभा आहे, पण आमच्या लोकांस त्याची खबर नाहीं. २००५ सालीं घरांतील छळापासून स्त्रियांचें रक्षण करण्याचा कायदा झाला व तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांस लागू आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नांवावर असलें तरी सून म्हणून ज्या घरांत ती राहिली तेथून तिला सहजासहजीं हुसकून देतां येत नाहीं. मॅजिस्ट्रेट नवऱ्यासच घराबाहेर राहण्याचा हुकूम करूं शकतात, अथवा तिच्यासाठीं दुसऱ्या जागेचें भाडें त्याजकडून देववूं शकतात. अर्ज करण्यास संरक्षण अधिकारी साह्य करितात, आणि तिनें मागितल्यास आश्रयगृहांत जागा मिळवून देणें हेंही त्यांचें काम आहे. १८१ या क्रमांकावर दूरध्वनि करून स्त्रियांस मदत मागतां येते. हा क्रमांक प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर, बायकांच्या बसण्याच्या बाजूस, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा अशी आमची सूचना आहे.

बाईंचीं अखेरचीं वर्षें बायबलाच्या भाषांतरांत गेलीं. खेड्यांतल्या साध्या बाईला वाचतां यावें अशी सोपी भाषा त्यांस हवी होती. कन्या मनोरमाबाई, जिच्यावर सर्व भार सोंपवावयाचा, ती २४ जुलै १९२१ रोजीं वारली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही केडगांव येथें निवर्तल्या. तें बायबल १९२४ सालीं मुक्तीच्या छापखान्यांतून पुरें होऊन बाहेर पडलें. त्याचे खिळे जुळविण्याचें काम तेथील स्त्रियांनींच केलें होतें. निराश्रित स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं तें घर आजही चालू आहे. केडगांव स्टेशन पुणें व दौंड यांच्या दरम्यान लागतें.