विद्येचे ऋण

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या शाळेच्या कार्यालयापुढे पालक येऊन बसतात. मुलाचे गुण ते अभिमानाने सांगतात. पुढील शिक्षणाचा विषय निघाला की आवाज खाली येतो. गुण आहेत, पैसा नाही. अशा वेळी आम्हा शिक्षकांना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राची एक बाजू हटकून आठवते. त्यांच्या पदव्या आपल्या घराघरांत मुखोद्गत आहेत. त्या पदव्यांचा खर्च कोणी आणि कसा सोसला, याची उजळणी मात्र आपण क्वचितच करतो.

सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर राहत होते. दोन्ही मुलांना शिकवणे परवडणारे नव्हते. म्हणून थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली. भीमरावांना पुस्तक हवे झाले की सुभेदार विवाहित लेकीकडे जात. तिच्यापाशी पैसे नसले तर तिचा दागिना गहाण पडे आणि निवृत्तिवेतन हाती आले की तो सोडवला जाई. ज्या ग्रंथप्रेमाचे आपण गोडवे गातो, त्याच्या मुळाशी एका बहिणीचा दागिना आणि एका भावाचे अर्धवट राहिलेले शिक्षण आहे.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे महाविद्यालयात शिकत असता सुभेदारांची ऐपत संपली. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारे एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते बी.ए. झाले.

2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदारांचे निधन झाले. त्याच वर्षी 4 जूनला भीमरावांनी बडोदा संस्थानाशी करार केला: परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, त्याच्या बदल्यात संस्थानाची दहा वर्षे नोकरी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अहोरात्र अभ्यास केला, पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके जमवली आणि त्याच रकमेतून घरीही पैसे पाठवले. मुंबईत माता रमाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. त्या ओढाताणीची नोंद कोणत्याही करारात झाली नाही.

1916 साली ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. तेथे कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. राहण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तेथूनही त्यांना हुसकावून लावण्यात आले. दहा वर्षांचा करार काही दिवसांतच मोडला, तो जातीने मोडला. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे थांबावेसे वाटते: पैशाची अडचण दूर झाली तरी जात आडवी येतेच, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या अंगावर झेलले.

तरीही लंडनचा अपुरा अभ्यास त्यांनी सोडला नाही. 1918 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. वेतन दरमहा 450 रुपये. राहणी मात्र चाळीतलीच ठेवून त्यांनी बचत केली. राजर्षी शाहू महाराजांनी मदत दिली, मित्र नवल भथेना यांनी 5000 रुपये कर्जाऊ दिले आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून, ग्रंथालयात दिवस काढून त्यांनी एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी पूर्ण केली.

दाते थोर होते, याविषयी शंका नाही. परंतु ज्या मुलासाठी शब्द टाकणारे कोणी केळुसकर गुरुजी नसतील, त्याने काय करायचे? बाबासाहेबांचे पुढील कार्य या प्रश्नाचे उत्तर आहे. 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. कारण खेड्यातील मुलाला शाळेच्या फीआधी निवारा आणि दोन वेळचे जेवण लागते. 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद मागितली आणि मिळवली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा उगम त्यातच आहे. 1946 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना सकाळी शिकण्याची सोय तेथे झाली. राजाच्या कृपेने एकाला जे मिळाले, ते हक्क म्हणून सर्वांना मिळावे, अशी ही वाटचाल होती.

म्हणून कार्यालयापुढे बसलेल्या पालकांना आम्ही सांगतो: शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मान खाली घालू नका, तो हक्क मोठ्या कष्टाने मिळवलेला आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा, मुदत चुकवू नका. आणि आमच्या माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती: शिष्यवृत्तीची रक्कम अनेकदा उशिरा येते, महाविद्यालयाची पहिली फी मात्र थांबत नाही. त्या मधल्या महिन्यांत कोण्या बहिणीचा दागिना गहाण पडू नये, एवढी काळजी आपण मिळून घेऊ या. आपल्यावरील ऋण फेडण्याचा हाच मार्ग आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!